नाथाची तिथ

२ डिसेंबर १९७५, मंगळवार. सांगली

नानासो आज थेट शाळेत आले. मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत. आमच्या गावचे पुढारी. स्मारक समितीचे अध्यक्ष – आणखी कशाकशाचे अध्यक्ष आहेत ते त्यांना तरी आठवत असेल का! चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून कपात पडलं. ते त्यांनी बोटानं काढून खाल्लं आणि तेच ओलं बोट माझ्यापुढे नाचवत म्हणाले, "ताई, आता न्हाई म्हणायचं न्हाई. हुतात्म्याची सख्खी बहीण लेखिका! दुसऱ्या गावास्नी हे भाग्य हाय का?"

गावच्या शाळेपुढे नाथाचा पुतळा बसणार. अठ्ठावीस तारखेला अनावरण. मुंबईचे मोठे पाहुणे. मी आठ पानांचं चरित्र लिहायचं आणि व्यासपीठावर वाचायचं. पुतळ्याखाली दगड, त्यावर नाव, गाव, वीरमरणाची तारीख.

"मार्गशीर्ष वद्य दशमी! त्याची तिथ आन् रविवार एकाच दिवशी. देवानंच जुळवून आणलंय बघा."

देवाचा काही संबंध नाही. ती दशमी मी जुळवलेली आहे.

हो म्हटलं. का म्हटलं? कपाच्या तळाशी बिस्किटाचा लगदा राहिला होता. तो बघत हो म्हटलं.


३ डिसेंबर

लिहून टाकते. चार वर्षांत या वहीलाही सांगितलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ नाथाजी १९७१ सालच्या २१ डिसेंबरला गेला. लढाई सोळाला संपली होती. आईला वाचता येत नाही म्हणून फौजेच्या कागदांत त्यानं माझा सांगलीचा पत्ता दिला होता. तार माझ्या हातात पडली. सुरुंग. अपघात. तारीख एकवीस.

तार पिशवीत घालून एसटीत बसले. गावात उतरले तर वेशीवरची तोरणं तशीच. शेजारची भामाबाई पाण्याला निघाली होती. "आगं, तुझ्या आईनं सोळा तारखंला गावभर साखर वाटली. वाचला माझा नाथा म्हणून!" मला घरात ओढून नेऊन डब्यातली उरलेली साखर माझ्या हातावर ठेवली.

ती साखर मुठीत घेऊन मी आईपुढे उभी राहिले. तोंडातून निघालं – बारा तारखेला गेला. शत्रूचं ठाणं घेताना. बातमी उशिरा आली.

लढाईत गेला, हे तिला सोसेल असं वाटलं. सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्यावर, सगळ्यांची पोरं घरी निघाल्यावर, हिचाच तेवढा गेला – हे कसं सांगायचं?

आईनं गुरवाला विचारून तिथ काढली. बारा डिसेंबर, मार्गशीर्ष वद्य दशमी. तेव्हापासून दर वर्षी दशमीला त्याचं पान वाढते. मी जाते, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत येते. खरी तिथ पौष शुद्ध चौथ. मी पंचांग पाहिलं होतं. त्या दिवशी त्याच्या नावानं कुणी घासही ठेवत नाही.

माझा तिथीवर विश्वास आहे का? माहीत नाही. आईचा आहे. ती म्हणते, चुकलेल्या तिथीला वाढलं तर माणूस दारात येतच नाही.

आणि आता ती दशमी दगडावर जाणार.


५ डिसेंबर

चार पानं झाली. खरी.

अठराव्या वर्षी मुंबईला गेला. गावची बाकीची पोरं गिरणीत, हा ट्रामवर. आधी नुसती लोखंडी सळई घेऊन नाक्यावर उभं राहायचं. ट्राम आली की रुळाचा सांधा फिरवायचा. पत्रात लिहिलं होतं, "ताई, मी सळई लावल्याबिगर शंभर माणसं वळत नाहीत." मग चालवायला शिकला. उभ्यानं चालवायची. हातात पितळी दांडा, टाचेखाली घंटा. रुळावर कुणी आलं की टाच मारायची – ठण् ठण्!

सुट्टीवर आला तरी टाच गप्प बसायची नाही. आई चुलीपुढून हलली नाही की मागे उभा राहून जमिनीवर टाच आपटायचा. "सरक गं म्हातारे, ट्राम आली!" आई उलथनं उगारायची. "रूळ कुटं हाईत रं तुझं, मुडद्या?"

चहात पाव बुडवून खायची सवय तिकडचीच. गावात पाव कुठला? ट्रंकेतून घेऊन यायचा, येईपर्यंत त्याचा वाळून दगड व्हायचा. "भाकरी कडू लागाय लागली व्हय तुला?" असं म्हणत आईच चहा जास्त करायची.

चौसष्ट सालच्या मार्चअखेर ट्राम बंद झाली. बसवर घेत होते. हा गेला नाही. माझ्याकडे येऊन राहिला. "बसला रूळ न्हाईत ताई. चाक कुटं न्यायचं ते आपुन ठरवायचं. मला त्याचं भ्या वाटतं."

सात महिने माझ्या खोलीत राहिला. माझ्या गोष्टींच्या नकला करून द्यायचा. मग एक दिवस भरतीला गेला. आणि फौजेनं त्याला काय करावं? ट्रक ड्रायव्हर! त्या पत्रावर मी एकटीच मोठ्यानं हसले होते.


७ डिसेंबर, रविवार

साताऱ्याला जाऊन आले. पुतळा बघायला. नानासोंनी निरोप पाठवला होता, "बहिणीनं पसंत करावा."

मूर्तिकाराच्या अंगणात सिमेंटचे सात-आठ थोर पुरुष उभे. कुणाला हात नाही, कुणाला डोकं नाही. त्यांच्यात नाथा. तांब्याचा रंग अजून ओला. त्या रंगाचा उग्र वास आणि शेजारच्या गटाराचा वास. पदर नाकाला लावून उभी राहिले.

चेहरा नाथाचा म्हणता येईल. मान जरा जाड, मिशी जास्तीची. हातात बंदूक, एक पाय दगडावर. असा तो आयुष्यात कधी उभा राहिला नसेल!

आणि मग दिसलं. अंगात ट्रामचा कोट. आमच्याकडे त्याचा एकच मोठा फोटो, मुंबईत काढलेला. समितीनं तोच दिला. खाकी बघितली आणि फौजी समजले. उभ्या कॉलरचा तो कोट, तीच टोपी. छातीवर गोल बिल्ला, त्यावर नंबरसुद्धा – ८१७.

"मेडल अगदी बारकाईनं उठवलंय," मूर्तिकार म्हणाला. "फोटोत नंबर पुसट होता. भिंग लावून काढला."

बिचाऱ्यानं मेहनत केली होती. चांगलं आहे म्हटलं.


९ डिसेंबर

उरलेली चार पानं. इथं हात अडतो.

कृष्णात बहात्तरच्या फेब्रुवारीत माझ्याकडे आला होता. नाथाच्या मागच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, विट्याकडचा. त्यानं सांगितलं ते असं –

"आमी त्याला ट्रामच म्हणायचो, ताई. फुडच्या गाडीचं चाक जितनं गेलं तितनंच ह्याचं जाणार. बोटभर हिकडं न्हाई, बोटभर तिकडं न्हाई. सुरुंगाचा रस्ता आसला की जीपच्या मागं पयला ट्रक ह्याचा."

त्या दिवशी बांधावरचा रस्ता. रेशनचे ट्रक. कडेनं, लढाईत घरं सोडून पळालेली माणसं आपापल्या गावी परत निघालेली. हुकूम होता, जीपच्या चाकोरीतून चाक काढायचं नाही. जीप पुढे गेली. तेवढ्यात एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं, पाय घसरून चाकोरीत आली. ट्रकच्या अगदी पुढ्यात.

"मी मागं हुतो. त्याच्या ब्रेकचा लाल दिवा लागलाच न्हाई, ताई. आमी लय इचार केला. एवढा पक्का ड्रायव्हर, ब्रेक का न्हाई मारला?"

मला तेव्हाच कळलं होतं. कृष्णातलाही कळलं होतं. तो माझ्या खोलीतल्या फरशीवर आपल्या टाचेकडे बघत होता. समोर माणूस आलं आणि नाथाची टाच घंटेवर गेली. सात वर्षं ट्रक चालवून झाल्यावर! घंटा वाजली नाही. मग त्यानं चाक वळवलं. हातभर.

"म्हातारी वाचली. गाठोडं सोडलं न्हाई तिनं."

मी कृष्णातला म्हटलं, हे आईला सांगू नका, मी तिला वेगळं सांगितलंय. तो बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिला. मग "व्हय ताई" म्हणाला. जेवायला थांबला नाही.

हे सगळं आज लिहिलं. तारखेसकट. उद्या नानासोंना पाठवते.


१२ डिसेंबर

आज बारा तारीख. १९७१ सालच्या या दिवशी नाथा ट्रकखाली शिरून ऑइल बदलत असेल. जिवंत होता.


१५ डिसेंबर

नानासो घरी आले. माझी पानं लाल पेन्सिलीनं भरलेली.

"ट्राम काढा, ताई. शेतकऱ्याचा पोरगा नांगर सोडून शिपाई झाला, असं सरळ पायजे."

"त्यानं नांगर कधी धरला नाही. आमच्या शेतात नांगर धरण्याइतकी जागा नव्हती."

"आवं, ऐकणाऱ्याला काय ठावं? आन् ही टाच आपटायची भानगड काय? पोरं हसत्याली."

शेवटच्या दोन पानांवर नुसती फुली. "ह्यात ठाणं कुटं हाय?"

मी म्हटलं, ठाणं नव्हतंच. तारीखही बारा नाही. एकवीस आहे.

चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. पिशवीतून एक दिवाळी अंक काढला. बहात्तरचा. त्यात माझी गोष्ट. नाव दुसरं, गाव दुसरं, पण बहिणीचा भाऊ हातात बॉम्ब घेऊन ठाण्यावर धावतो आणि पडतो. आईला सांगितलेलं मी पुढे छापूनही टाकलं होतं. लोकांनी रडून पत्रं लिहिली होती. मी ती जपून ठेवली होती!

"ह्ये वाचूनच समिती काढली आमी."

"ती गोष्ट आहे."

"गोष्ट आसंल. पर नाव तुमचंच हाय न्हवं खाली?"

मी अंक मिटून त्यांच्यापुढे सरकवला.

"दगड कोरून झालाय. पाहुण्यांस्नी सांगून झालंय. आन् खरं सांगा ताई, लढाई सपल्यावर म्हातारीपायी मेलेल्याचा पुतळा कोन बसवतंय?" मग आवाज एकदम मऊ. "आईसाहेबांचा इचार करा. ह्या वयात त्यास्नी काय वाटंल?"

माझंच वाक्य. चार वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. त्यांच्या पानानं रंगलेल्या तोंडातून ते बाहेर पडताना ऐकलं आणि शिसारी आली. जाताना पायरीशी पिचकारी मारून गेले. दोन बादल्या पाणी ओतलं. डाग आहेच.


२१ डिसेंबर, रविवार. गाव

आईला सांगायचंच म्हणून आले. आज चार वर्षं झाली – इंग्रजी तारखेनं.

आई उन्हात तांदूळ निवडत बसली होती. दशमीच्या जेवणासाठी. सुपात डोळे घालून. आता खड्यापेक्षा तांदूळच जास्त फेकते.

"आई, नाथाचं एक सांगायचं होतं."

तिचे हात थांबले. "सांग की."

कोंबडी सुपाशी आली. तिनं तिला हाकललं नाही. थांबून राहिली.

"पुतळा चांगला झालाय," मी म्हटलं.

"एवडंच?"

"एवढंच."

"बरं." परत निवडायला लागली.

किती भ्याड बाई आहे मी! मुलींना निबंध घालते – सत्यमेव जयते, वीस ओळी.


२८ डिसेंबर, रविवार. गाव

झालं.

साडेअकराचं अनावरण, पाहुणे पावणेदोनला आले. शाळेची पोरं उन्हात रांगेत. दोन मुली चक्कर येऊन पडल्या, त्यांना उचलून पुतळ्याच्याच सावलीत ठेवलं. कर्ण्यावर गाणी. कमानीवर नानासोंचं नाव नाथाच्या नावापेक्षा वीतभर मोठं. झेंडूच्या माळा इतक्या की खालच्या थराला सडका वास सुटलेला.

दगड बघितला. काळाभोर, गुळगुळीत. "दि. १२ डिसेंबर १९७१ रोजी शत्रूचे ठाणे जिंकताना." हे "ठाणे जिंकताना" माझ्या गोष्टीतलं आहे. जसंच्या तसं.

माझ्या पिशवीत दोन गड्ड्या होत्या. एक माझी, एक नानासोंनी दुरुस्त केलेली. व्यासपीठावर कृष्णातही होता, मिलिटरीची जुनी टोपी घालून आलेला. आई पहिल्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर, खुर्ची मोडेल अशी भीती वाटत असल्यासारखी.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. आई माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिला मी धूसरच दिसत असणार.

नानासोंची गड्डी वाचली.

नांगर वाचला. ठाणं वाचलं. आवाज कुठे चढवायचा ते मला बरोबर ठाऊक. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी डोळ्यांना रुमाल लावला, मग त्याच रुमालानं मान पुसली. मी खाली बसले आणि दोन्ही गड्ड्या परत पिशवीत घातल्या.

मग आईला पुतळ्याशी नेलं. दोन बायकांनी धरून चौथऱ्यावर चढवलं. हार घालायचा होता, पण तिचा हात पुरेना. तिनं तो हार तसाच कोपरावर अडकवला आणि पुतळ्याच्या अंगावरून हात फिरवायला लागली. बंदूक चाचपली, सोडली. कोट चाचपला. बोटं बिल्ल्यावर आली आणि तिथंच थांबली. फिरत राहिली. आठ. एक. सात. आईला वाचता येत नाही, पण तो बिल्ला ती दर सुट्टीत चिंचेनं घासून द्यायची.

"चंद्रा," माझ्या कानाशी म्हणाली, "आगं, ट्रामचा कोट हाय की ह्यो!"

आणि हसली. चार वर्षांत तिला अशी हसताना बघितलेलं नाही.

"काय म्हणत्यात आईसाहेब?" नानासोंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "उन्हाचा त्रास होतोय."

सगळं पांगल्यावर कृष्णात माझ्याजवळ आला. "लय झ्याक वाचलंसा, ताई." मग चपलेनं माती उकरत, "त्या म्हातारीचं एक अक्षरबी न्हाई व्हय?"

उत्तर ऐकायला थांबला नाही. सांगलीतही जेवायला थांबला नव्हता.

पाहुण्यांच्या पंगतीत उशीर झाला म्हणून घरचं पान संध्याकाळी वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भात. आईनं दारात पान ठेवलं, हात जोडले आणि लगेच उठली. मला वाटलं, दमली.


२९ डिसेंबर

ताप. अंगावरून झेंडूचा वास जात नाही. सकाळची गाडी चुकली.


३१ डिसेंबर

ताप आहेच. शाळेला रजेचा अर्ज पाठवला. पुतळ्याच्या बंदुकीवर शेजाऱ्यांनी गोधडी वाळत घातली आहे, असं भामाबाई सांगत होती. बरं झालं!


३ जानेवारी १९७६, शनिवार. गाव

ताप उतरला. अशक्तपणा आहे. दशमीनंतर इतके दिवस गावात मी पहिल्यांदाच राहिले.

दुपारी धनाजी दारावरून गेला. विट्याच्या गाडीवर कंडक्टर आहे. आईनं अंगणातून हाक मारली. "धनाजी, सोमवारच्याला इसरू नगंस बरं का."

"इसरंन कसा, आक्का? दर साली आणतुया न्हवं? उद्याच्याला आणून ठिवतो. दोन पाव."

आई पाव कधी खात नाही. दात नाहीत म्हणून चहात बुडवून खात असेल. विचारलं तर म्हणाली, "आसंच."

सोमवारी परत जायचं. जाण्याआधी सांगणार. या वहीला साक्ष ठेवून लिहिते – सांगणार. दगड तर फुटणार नाही. पण तिथ तरी तिची तिला परत देईन.


५ जानेवारी, सोमवार

उठले तर आई न्हालेली. दारात सारवून पान मांडलेलं. पानावर दोन पाव, शेजारी कपभर चहा, वाफ निघत असलेला.

"आज काय आहे?"

"चौथ."

मी चौकट धरली.

"कृष्णात आलता," ती म्हणाली. "तुझ्याकडं यायच्या आदी हितं आलता. समदं सांगून गेला."

"मग दशमीला का वाढतेस?"

"दशमी तुझी हाय. तू येतीस, म्हणून घालते."

तिनं मला हाताला धरून शेजारी बसवलं. पाव मोडला, चहात बुडवला, पानावर ठेवला. मग म्हणाली –

"चंद्रा, ती म्हातारी पोचली आसंल का गं तिच्या घरला?"